शनिवारचे दोन तास परत द्या : संस्थाचालक आणि पालकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, संचालक मंडळाचे सर्व सदस्य, प्राचार्य सर आणि सर्व पालक,

सविनय नमस्कार.

जूनमध्ये शाळा-कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात सूचना फलकावर एक कागद लागला. ‘शनिवारचा ज्येष्ठ नागरिक भेट उपक्रम या शैक्षणिक वर्षापासून बंद करण्यात येत आहे. सदर वेळेत नीट, जेईई व सीईटीचे जादा तास घेण्यात येतील.’ खाली सही आणि शिक्का. तीन वर्षं चाललेलं काम या दोन वाक्यांत संपलं. त्याआधी आम्हा मुलांना कुणी विचारलं नव्हतं. ज्या सरांनी हा उपक्रम उभा केला त्यांनाही विचारलं नव्हतं. आणि ज्यांच्याकडे आम्ही जात होतो त्या वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना तर साधा निरोपसुद्धा गेला नाही. आम्ही तोंडी विनंती केली, मग लेखी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली, उत्तर अजून मिळालेलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. वडिलांची थोडी शेती आहे, केळी आणि कापूस. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. नाव खाली लिहिलेलं नाही. कॉलेजात सगळ्यांना कळेल की हे कुणी लिहिलं, त्याला माझी हरकत नाही. पण शनिवारी जाणारे आम्ही बरेच जण होतो, आणि हे पत्र एका मुलीची तक्रार म्हणून बाजूला पडू नये एवढीच माझी इच्छा आहे. मलाही डॉक्टर व्हायचं आहे, मीही नीटचीच तयारी करते आहे. तेव्हा ‘हिला अभ्यास नको म्हणून ही असं लिहिते’ असं कृपया कुणी मनात आणू नये.

गेल्या महिन्यात ‘आदर्श विद्यार्थी’ पुरस्काराचे अर्ज वाटले गेले. त्यात एक रकाना होता : ‘आतापर्यंतची सर्वात अभिमानास्पद कामगिरी.’ दहावीचे टक्के चांगले आहेत, इंटरमिजिएट चित्रकलेत ए ग्रेड आहे, तालुक्याला खो-खोत आमचा संघ पहिला आला होता. हे सगळं मी लिहू शकले असते. पण प्रश्न अभिमानाचा होता, म्हणून मी खरं उत्तर लिहिलं. एका आजींचं थांबलेलं अनुदान सुरू केलं, एका आबांचं बंद पडलेलं कानाचं मशीन चालू केलं, आणि वृद्धाश्रमातल्या बायकांच्या ओव्या वहीत उतरवून घेतल्या. अर्ज परत आला. त्या उत्तरावर लाल शाईची काट होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘प्रमाणपत्र नाही. ग्राह्य नाही.’

ही कामगिरी काय होती ते आज सगळ्यांसमोर सांगते. मग ती ग्राह्य आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

त्या आजी तापीकाठच्या एका खेड्यातल्या. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी आणि कापूस वेचणी केली. मुलगा सुरतला लिंबायतकडे राहतो, मागावर कामाला आहे, खोली लहान. खानदेशातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. तरणी माणसं सुरत, नाशिक, पुण्याला आणि म्हातारी माणसं गावात. गावातलं घर पडलं तेव्हा आजी वृद्धाश्रमात आल्या. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार त्यांना मिळत होते, ते अचानक थांबले. आश्रमात सगळे म्हणायचे, सरकारनं बंद केलं असेल. मी पासबुक बघितलं. कित्येक महिने काहीच जमा नव्हतं, पण योजना तर चालू होती, शेजारच्या पलंगावरच्या आजींना पैसे येत होते. सरांनी सांगितलं की आता अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतं, आधी बँकेत जाऊन बघा.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, म्हणून मधला शनिवार बघून सर, मी आणि आजी गेलो. खातं आधारशी जोडलेलं नव्हतं. जोडायचं तर अंगठा लागणार. आजींनी अंगठा ठेवला, मशीनवर लाल दिवा. परत ठेवला, परत लाल. मागे रांग वाढत होती आणि आजी सारखं म्हणत होत्या, राहू दे व माय, चाल घर. मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठ्यावर रेषाच राहिल्या नव्हत्या. विळ्याची मूठ, कपाशीची टोकदार बोंडं, राखेनं घासलेली भांडी, इतक्या वर्षांत सगळं झिजून कातडी गुळगुळीत झाली होती आणि बाजूनं बारीक भेगा. सरांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांचे हात साबणानं धुतले, ओल्या रुमालानं पुसले, नीट कोरडे केले आणि एकेक बोट लावून बघायला लागलो. उजव्या हाताचं एकही लागलं नाही. डाव्या हाताची अनामिका लागली. हिरवा दिवा लागला तेव्हा काउंटरवरच्या मॅडमसुद्धा हसल्या.

त्यानंतर तहसील कार्यालयात हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. या योजनेला वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असावं लागतं. ज्या बाईला दुसरं उत्पन्नच नाही तिनं ते नाही हे कागदावर दाखवायचं, त्यासाठी फेऱ्या मारायच्या. तिथल्या एका कारकून काकांनी मनापासून मदत केली, हेही मला सांगायला हवं. पुढे पैसे जमा झाले. नोटा हातात घेऊन आजींनी विचारलं, “हाऊ पैसा मनाच शे ना?” (हा पैसा माझाच आहे ना?) त्यातून त्यांनी स्वतःसाठी खोबरेल तेलाची बाटली आणली आणि शेजारच्या आजींना चष्म्याची दोरी.

याचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. पासबुकातली नोंद आहे, ती आजींची आहे.

आबांची गोष्ट वेगळी. ते सूतगिरणीत होते. आश्रमात त्यांच्याबद्दल असं बोललं जायचं की आबांचं डोकं चालत नाही, काही विचारलं तर भलतंच उत्तर देतात, नाहीतर भिंतीकडे बघत बसतात. एकदा त्यांची पेटी आवरताना एका डबीत कानाचं मशीन सापडलं. कुठल्याशा सरकारी शिबिरात मिळालेलं. पहिला सेल संपला आणि दुसरा कुठं मिळतो हे कुणालाच ठाऊक नसल्यानं ते तसंच पडून राहिलं होतं. मी सेलचं चित्र काढून घेतलं आणि जळगावला गेल्यावर कानाच्या मशीनच्या दुकानात विचारलं. तिथल्या दादांनी सगळं समजावून दिलं. या सेलना नंबर असतात आणि प्रत्येक नंबरच्या स्टिकरचा रंग ठरलेला असतो : 13 नंबर नारिंगी, 312 तपकिरी, 675 निळा. आबांचा 675. हा सेल हवेवर चालतो. निळं स्टिकर काढल्याशिवाय तो सुरू होत नाही, आणि काढल्यावर मिनिटभर तसाच ठेवून मग मशीनमध्ये घालायचा, म्हणजे पूर्ण ताकदीनं चालतो. शिवाय कानात बसणाऱ्या साच्याचं भोक मळानं पूर्ण बुजलेलं होतं, ते साफ केलं.

मशीन घातलं आणि मी सवयीनं ओरडूनच विचारलं, आबा, ऐकू येतंय का? आबा दचकून म्हणाले, “इतलं जोरमा काब्र बोली ऱ्हायनी व माय?” (एवढ्या जोरात का बोलतेस?) खोलीतले सगळे हसले, आबाही हसले. मग हळूहळू त्यांनी सांगितलं की चुकीचं उत्तर दिलं की लोक हसतात, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. त्यांचं डोकं अगदी ठणठणीत आहे. गिरणीत कुठल्या खात्यात काय चालायचं, पाळी कशी बदलायची, पगाराच्या दिवशी दारात कोण उभं राहायचं, सगळं त्यांना आठवतं. आम्ही नंतर आश्रमातल्या सगळ्यांच्या वस्तू तपासल्या. आणखी काही मशीन सेलअभावी बंद होती, काहींचे चष्मे जुन्या नंबरचे होते, एका नानांच्या काठीखालचं रबर गेलं होतं म्हणून ते न्हाणीघरात जायला घाबरायचे. ते रबर दहा-वीस रुपयांत मिळतं. सरकारनं 2017 साली राष्ट्रीय वयोश्री योजना आणली, 2024 मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी तीन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. या चांगल्या योजना आहेत. पण मशीन दिल्यावर त्याचा सेल बदलायला कुणीतरी जाणारं लागतं, आणि इथं ते आम्ही होतो.

ओव्यांच्या वहीबद्दल थोडक्यात लिहिते, नाहीतर हे पत्र संपायचं नाही. आश्रमातल्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी येतात, खानदेशातल्या कानबाई देवीची येतात. काही अहिराणीत, काही लेवा बोलीत. एक आजी सातपुड्याच्या पायथ्याच्या, त्यांची गाणी आणखी वेगळी. मी विचारलं तेव्हा आधी कुणी म्हणेना, ‘तुले काय करनं शे त्याचं?’ मग एकीनं सुरू केलं आणि दुसरीनं चूक काढली, आणि त्या दिवशी आम्हाला निघायला उशीर झाला. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओठांवरचं घरातल्या मुलांनी लिहून घेतलं म्हणून आज ते महाराष्ट्राला माहीत आहे, आणि आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. माझ्या वहीत तेवढं थोर काही असेल असं मी म्हणत नाही. पण त्या बायका गेल्यावर ती गाणी कुणाकडेच राहणार नाहीत, हे मात्र मला पक्कं माहीत आहे.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार निरोपाची आहे. उपक्रम बंद करायचा हे तुम्ही ठरवलंत, पण ते आश्रमाला कुणीच कळवलं नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी तिथली माणसं दुपारीच तयार होऊन व्हरांड्यात खुर्च्या मांडून बसली होती. सुट्टीनंतर मुलं येणार म्हणून एका आजींनी नवं लुगडं नेसलं होतं. त्या दिवशी आम्ही जादा तासाला बसलो होतो. पुढच्या शनिवारीही ते बसले. हे मला व्यवस्थापक काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. आणि आबांचा सेल पंधरा-वीस दिवस पुरतो. तो संपला. काकांकडे तीसेक माणसांचं सगळं बघायला दोनच हात आहेत, सेलचं राहून गेलं. आबा पुन्हा भिंतीकडे बघत बसायला लागले होते. मी वडिलांबरोबर जाऊन नवीन पाकीट देऊन आले, पण हे एका मुलीनं वडिलांच्या मोटारसायकलवर बसून करायचं काम नाही, हे संस्थेनं उचललेलं काम होतं. ते सोडायचं तर रीतसर कुणाच्या तरी हाती सोपवायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, कारणाची. शनिवारी जाणाऱ्या मुलांचे गुण घसरले असं एकदाही कुणी दाखवलेलं नाही. निकाल तुमच्याकडे आहेत. जाणाऱ्यांचे आणि न जाणाऱ्यांचे गुण शेजारी ठेवून बघा, आणि फरक दिसला तर आम्हाला दाखवा, आम्ही मान्य करू. नुसतं ‘वेळ वाया जातो’ म्हणणं हे कारण होत नाही. आणि ज्या एमबीबीएसच्या प्रवेशासाठी हे जादा तास आहेत, त्या एमबीबीएसमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2021-22 च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम सुरू केला आहे. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्यांनी गावातल्या घरांत जायचं, माणसांशी बोलायचं, त्यांची तब्येत वर्षानुवर्षं बघायची. धुळे, जळगाव, नंदुरबार, आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं गेल्यावर जे शिकावंच लागणार आहे ते आम्ही इथं आधीच शिकत होतो. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना समोर बसायचं, कानाशी ओरडायचं नाही, ओठ दिसतील असं सावकाश बोलायचं, गोळ्यांचा कागद स्वतः वाचून दाखवायचा. कुठल्याही जादा तासाला हे शिकवत नाहीत.

प्रमाणपत्राबद्दल माझं म्हणणं नीट समजून घ्यावं ही विनंती. दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडचे मला सात गुण मिळाले, ते मी आनंदानं घेतले. खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, ते योग्यच आहे, ती मुलं उन्हात घाम गाळतात. आश्रमात जाण्याचे गुण मात्र आम्हाला नको आहेत. गुण लावले तर उद्या प्रत्येक शनिवारी सही करण्यापुरती मुलं येतील आणि आजी-आजोबांनी त्यांच्या वह्या भरायच्या. मला तो प्रकार नको. माझी तक्रार एवढीच आहे की ज्याचा कागद नाही ते घडलंच नाही असं संस्थेनं मानू नये. आश्रमाच्या व्यवस्थापकांना एक फोन केला असता तरी खातरी झाली असती.

आणि कार्यक्रमांची गोष्ट. शनिवार बंद केला, पण सप्टेंबरमधला आजी-आजोबा दिवस आणि 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन साजरा करायचा आहे, त्याच्या तयारीची यादी आत्ताच लागली आहे. गेल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरचा कार्यक्रम तुम्हीही पाहिला आहे. आश्रमातल्या माणसांना टेम्पोत बसवून हॉलमध्ये आणलं. प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते, तोवर त्यांना पहिल्या रांगेत तसंच बसवून ठेवलं. एका आजींना बाथरूमला जायचं होतं, हॉलच्या पायऱ्यांना कठडा नव्हता, आम्ही दोघी मुलींनी धरून नेलं. परत आणेपर्यंत त्यांचं नाव पुकारून झालं होतं. मग शाल, गुलाबाचं फूल, केळी, फोटो. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांच्याही हातात केळी, आणि त्याच दिवशी संध्याकाळी आणखी दोन मंडळं केळी घेऊन आश्रमात हजर. देणाऱ्यांचा भाव चांगला असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण वर्षातला एक दिवस त्यांना इथं आणण्यापेक्षा उरलेले दिवस आपण तिथं जाणं त्यांना हवं आहे. मी त्यांना विचारलं आहे. तुम्हीही विचारा.

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. पालक सभेत तुमच्यापैकी काहींनीच हा विषय काढला होता, हे मला माहीत आहे. तुमची भीती खोटी नाही. फी भरताना घरात काय ओढाताण होते ती आम्ही बघतो. कापसाला भाव नाही, केळीला करपा, वादळात बाग आडवी होते, आणि तरी तुम्ही क्लासचे हप्ते चुकवत नाही. तुम्हाला वाटतं, या वर्षी मुलीनं दुसरं काही करू नये. पण आम्ही जिथं जात होतो तिथं बसलेली माणसंही एकेकाळी असेच हप्ते भरणारी होती. एका आजोबांचा मुलगा शिकून मोठ्या पगारावर बाहेर आहे. कायद्यानं मुलाकडून निर्वाह भत्ता मागता येतो, 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, दरमहा दहा हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. हे आम्ही त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरावर केस नाही करायची, त्याचा फोन आला तरी पुरे. आम्ही फोन लावून दिला. पहिल्यांदा उचलला नाही, पुढच्या शनिवारी उचलला. आता तो अधूनमधून स्वतः करतो.

मुलींना बाहेर पाठवण्याची, आजार घरी येण्याची काळजी काही आयांनी बोलून दाखवली. ती रास्त आहे. म्हणूनच आमच्याबरोबर कायम एक सर आणि एक मॅडम असत. सर्दी-खोकला असला तर त्या शनिवारी जायचं नाही हा नियम होता, तो आजी-आजोबांच्या भल्यासाठीसुद्धा होता. पैशाच्या व्यवहारात कुणाचा ओटीपी विचारायचा नाही, कार्ड हातात घ्यायचं नाही, बँकेत सरांशिवाय जायचं नाही, हे नियम पहिल्या दिवशी वहीत लिहून घेतले होते आणि तीन वर्षांत एकदाही मोडले नाहीत. यात आणखी काही भर घालायची असेल तर जरूर घाला.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक जण साठीच्या पुढचा होता, आता त्याहून जास्त आहेत. ही माणसं फक्त आश्रमात नाहीत, आपल्या गल्लीत आहेत, बंद वाड्यांच्या एका खोलीत आहेत. त्यांच्याशी बोलायचं कसं, त्यांचा कागद वाचायचा कसा, हे माझ्या वयाच्या मुलामुलींना यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

शनिवारचे दोन तास पुन्हा सुरू करावेत. जादा तास दुसऱ्या कोणत्याही दिवशी ठेवा, सकाळी लवकर ठेवा, आम्ही येऊ. बारावीच्या मुलांना दर शनिवारी जाणं शक्य नसेल तर गट पाडा, प्रत्येक गट आलटून पालटून जाईल. पण आश्रमाचा एकही शनिवार रिकामा जाऊ नये. ज्याला जायचं नाही त्याच्यावर सक्ती नको, आणि ज्याला जायचं आहे त्याला अडवू नये.

संस्थेच्या वतीनं एका जबाबदार व्यक्तीनं आश्रमात जाऊन, उपक्रम का थांबला हे तिथल्या ज्येष्ठांना समोरासमोर सांगावं. पुढे कधीही वेळापत्रकात बदल झाला तर आधी त्यांना कळवावं.

सेल, काठीचं रबर, चष्म्याची काच अशा बारीक खर्चासाठी संस्थेनं वर्षाला एक लहान रक्कम बाजूला ठेवावी. हॉल सजवायला, बॅनरला आणि शालींना जे लागतं त्यातूनच हे भागेल. त्याचा हिशेब आम्ही मुलं ठेवू आणि दर तीन महिन्यांनी कार्यालयात देऊ.

येत्या 1 ऑक्टोबरला कुणाला टेम्पोत घालून इकडे आणू नये. कार्यक्रम करायचा असेल तर आश्रमात करा, त्यांच्या वेळेला करा, आणि काय करायचं हे त्यांना विचारून ठरवा. ज्यांना फोटो नको त्यांचे काढू नयेत. तिथल्या कितीतरी जणांनी आपण आश्रमात राहतो हे नातेवाइकांना सांगितलेलं नाही.

‘आदर्श विद्यार्थी’च्या अर्जात प्रमाणपत्र नसलेल्या कामासाठीही जागा ठेवावी. ज्यांच्यासाठी ते काम केलं त्यांना विचारून खातरी करावी. यंदाचा माझा अर्ज पुन्हा तपासा असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी हे करा.

शेवटची मागणी कनिष्ठ महाविद्यालयापुरती. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचं युनिट नाही. ही योजना 1969 पासून देशात आहे आणि अकरावी-बारावीलाही चालते. तिच्यात एका विद्यार्थ्याकडून वर्षाला 120 तासांच्या सेवेची अपेक्षा असते. आम्ही मागतो आहोत ते तास त्यापेक्षा कमी आहेत. युनिटसाठी रीतसर प्रस्ताव पाठवावा, म्हणजे हा उपक्रम कुणा एका सरांच्या उत्साहावर किंवा एका सूचनेच्या कागदावर अवलंबून राहणार नाही. ज्या सरांनी तो सुरू केला त्यांना या पत्रामुळे कोणताही त्रास होऊ नये. पत्र लिहिण्याआधी मी त्यांना विचारलेलं नाही, हा निर्णय माझा आणि माझ्या मित्रमैत्रिणींचा आहे.

संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आमच्यापैकी दोघांना दहा मिनिटं बोलू द्यावं. आम्ही वेळेवर येऊ आणि मुद्द्याचंच बोलू. निर्णय काहीही झाला तरी तो कारणासह लेखी द्यावा आणि त्याची एक प्रत आश्रमाच्या व्यवस्थापकांकडे पाठवावी. तोपर्यंत घरच्यांच्या परवानगीनं, गणवेश न घालता, कॉलेज सुटल्यावर आम्हाला जमेल तेव्हा आम्ही तिथं जात राहू. कानबाईच्या रविवारी आश्रमातल्या बायकांनी रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या करायचं ठरवलं आहे, गहू दळून आणायचं काम आमच्याकडे आहे. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणालाही यायचं असेल तर सकाळी दहाच्या सुमारास या. आजींनी तसा निरोप दिला आहे.

आपली नम्र,
बारावी विज्ञान शाखेतील एक विद्यार्थिनी,
शनिवारी जाणाऱ्या सर्व मुलामुलींच्या वतीनं